माझाच हॅम्पर मला वाण म्हणून परत आला

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत बहिणीला, बायकोला दिवाळीत काय द्यावं यावर तुम्ही जे आख्खं पान दिलंय ना, त्याबद्दल लिहितेय. पान छान आहे, फोटो तर एकदम मस्त, सोनेरी डबे, त्यात छोट्या छोट्या बाटल्या, बॉडी बटर, शीट मास्क, बाथ बॉम्ब, वर साटिनची रिबन. किंमत प्रत्येकाखाली दिलीये. आत किती मिली आहे ते मात्र एकाखालीही नाही. आणि मला नेमकं तिथेच खटकलं, कारण हा माझा धंदा आहे.

हो, मीच बनवते हे. गेली सहा वर्षं डोंबिवलीत घरबसल्या दिवाळी हॅम्परच्या ऑर्डरी घेते. नवरात्र संपलं की सकाळची लोकल पकडून मशीद बंदरला उतरायचं, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून रिबन, नेट, बॉक्स, पेपर ग्रास (कागदाच्या बारीक पट्ट्यांचं गवत), क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने बाकीचं, आणि दोन मोठ्या पिशव्या घेऊन गर्दी वाढायच्या आत परत. मग पंधरा वीस दिवस आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, मुलगी बेडवर बसून अभ्यास करते आणि नवरा हीट गन धरतो, म्हणजे डब्यावरची प्लास्टिकची फिल्म गरम हवेने घट्ट बसवायचं यंत्र. त्या पैशातून मुलीच्या क्लासची निम्मी फी निघते. त्यामुळे मी कुणी पर्यावरणवाली बाई आहे आणि वरून उपदेश करतेय असं कृपया समजू नका, उलट चोरानेच पोलीस स्टेशनला जाऊन जबाब द्यावा तसं हे पत्र आहे.

तर आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे ओटा. ओटा म्हणजे काय तर बॉक्सच्या तळाशी पुठ्ठ्याचा एक खोटा मजला करायचा, त्यावर पेपर ग्रास पसरायचं, आणि मग त्यावर बाटल्या उभ्या करायच्या म्हणजे झाकण उघडल्या उघडल्या सगळं वर आलेलं, भरगच्च दिसतं. खाली अर्धा डबा रिकामा. गिऱ्हाईकाचं पहिलं वाक्यच असतं की ताई भरलेला दिसला पाहिजे हां. भरलेला असला पाहिजे असं सहा वर्षांत एकानेही म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेला माझा हॅम्पर मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, असंच, कुरियरचा खर्च काढायला. सगळा मिळून 1 किलो 180 ग्रॅम. मग उत्सुकता म्हणून आतल्या वस्तूंवरचे आकडे कागदावर मांडले, हँड क्रीम 50 मिली, बॉडी वॉश 100 मिली, बॉडी बटर 50 ग्रॅम, साबण 75 ग्रॅम, एक लिप बाम, एक शीट मास्क. अंगाला लावायचं जे काही होतं ते जेमतेम 300 ग्रॅम भरलं. म्हणजे उरलेला पाऊण किलोच्या वरचा जो ऐवज आहे तो काच, पुठ्ठा, प्लास्टिक, चुंबक आणि गवत, आणि तो सगळा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. हे मी स्वतः, माझ्या हातांनी, एकशे चाळीस वेळा केलं त्या सीझनला. तुम्हीच गुणाकार करा, मी एकदा केला आणि मग करायचा नाही असं ठरवलं.

लोकांना वाटतं पुठ्ठा आहे म्हणजे रद्दीत जातो. नाही जात. हा जो जाड, कडक, झाकणाला चुंबक असलेला बॉक्स असतो त्याच्यावर चकचकीत दिसायला प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवलेली असते, वर सोनेरी फॉइल, आत फोमचा खाचा, आणि झाकणात पुरलेली चुंबकं. आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्या भैयाला मी एकदा उरलेले, कोपरे दबलेले पंचवीस बॉक्स दिले, त्याने एक उलटा करून नखाने खरवडला आणि म्हणाला, भाभी ये माल नहीं चलता, पन्नी चिपकी है. फुकट देत होते तरी नेले नाहीत! बाटल्यांचं पण तेच, बाटली एका प्लास्टिकची, पंप दुसऱ्याचा, पंपाच्या आत स्टीलची स्प्रिंग, लेबल तिसऱ्याचं, हे सगळं सुटं करत बसायला कोणाला वेळ आहे आणि 50 मिलीच्या बाटलीतून त्याला मिळणार तरी काय. शीट मास्क तर एकदाच पंधरा वीस मिनिटं तोंडावर ठेवायचा आणि फेकायचा, तो बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याचा असतो आणि त्याचं पाकीट प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकाला चिकटवून केलेलं. असल्या मल्टिलेयर पाकिटांतून सहसा परत नवीन काही बनत नाही, फार तर सिमेंटच्या भट्टीत जाळतात, तेही कुणी वेगळी काढून तिथवर पोचवली तर. नाहीतर डम्पिंग. कल्याणच्या आधारवाडी डम्पिंगला लागलेल्या आगींचा धूर ज्यांनी खिडक्या बंद करून सोसलाय त्यांना कचरा शेवटी कुठे जातो हे सांगायची गरज नाही.

बाथ बॉम्बवर मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या कारण तो प्रकार माझ्या डोक्यातच जातो. हा पाण्यात टाकला की फसफसणारा गोळा टबासाठी आहे. टब भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. आपल्याकडे शहरातल्या माणसाला दिवसभराचं सगळं मिळून 135 लिटर पाणी मिळावं असा सरकारी मापदंड आहे, त्यात आंघोळ, कपडे, भांडी, संडास सगळं आलं, आणि तेवढंही आमच्याकडे शटडाऊनच्या दिवशी येत नाही ते सोडा. म्हणजे एका बाथ बॉम्बला एका माणसाचं अख्ख्या दिवसाचं पाणी कमी पडतं. आणि टब आहे कुणाकडे? माझी एक गिऱ्हाईक, तिला नवऱ्याने पाडव्याला दिला, तिने बिचारीने बादलीत टाकला. बादली फसफसून वर आली, अर्धा फेस मोरीत, आणि आतली चमकी तिच्या कानामागे आणि मोरीच्या फरशीवर तुळशीच्या लग्नापर्यंत होती. ती हसत सांगत होती आणि मी पण हसले, पण तो माझ्याच हॅम्परमधला होता.

चमकी म्हणजे तरी काय, पॉलिस्टरच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर देऊन तिचे बारीक बारीक तुकडे केलेले असतात. प्लास्टिकच ते, चाळणीतूनही गळेल इतकं बारीक. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, आणि आमचे नाले कुठे जातात तर उल्हासच्या खाडीत. युरोपियन युनियनने 17 ऑक्टोबर 2023 पासून सुटी प्लास्टिकची चमकी विकायलाच बंदी घातलीये, कॉस्मेटिक्समधल्या प्लास्टिकच्या कणांना त्यांनी टप्प्याटप्प्याने मुदत दिलीये, मेकअपला तर 2035 पर्यंत, म्हणजे तिकडेही एका रात्रीत काही होत नाही. पण सुरुवात तरी झाली.

बरं चमकी प्लास्टिकची नको म्हणून अभ्रकाची घ्या म्हणाल, तर आयशॅडो, हायलायटर, शिमर लोशनमधली ती मऊ चमक बहुतेक अभ्रकाची असते, आणि आपल्या देशात अभ्रक म्हटलं की झारखंडमधलं कोडरमा आणि गिरिडीह. 1980 चा वनसंवर्धन कायदा आल्यानंतर तिकडच्या बऱ्याच खाणी बंद पडत गेल्या, पण अभ्रक बंद नाही झालं, जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यातून लोक चुरा वेचत राहिले, त्याला तिकडे ढिबरा म्हणतात, आणि वेचणाऱ्यात लहान मुलंही असतात हे पत्रकारांनी वर्षानुवर्षं लिहिलंय. खड्डा ढासळला की आत गेलेला तिथेच राहतो. आपल्या गालावर ते येतं तेव्हा मात्र त्याला 'फेस्टिव्ह ग्लो' म्हणतात. साबणाचं म्हणाल तर कुठलाही साबण उलटा करून मागचं बारीक वाचा, पहिलं नाव बहुतेक सोडियम पामेट असेल, म्हणजे पाम तेल. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला आहे, खाण्यासाठी मुख्यतः पण साबणातही जातंच, आणि ते येतं इंडोनेशिया मलेशियातून, जिथे त्यासाठी जंगलं तोडलीत. आता रोजचा साबण तर लागणारच, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण ज्या घरात सहा साबण आधीच कपाटात आहेत तिथे सातवा, फुलाच्या आकाराचा, जो कुणी वापरायचा नाही कारण आकार बिघडेल, तो कशाला?

वापरत नाहीत हो लोक! हाच तर सगळा विनोद आहे. गेल्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये बी विंगला गेले होते. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि वाण म्हणून त्या काकूंनी माझ्या हातात एक डबा ठेवला. राणी कलरचा. मी रिबनची गाठ बघितली आणि ओळखलं, ती डबल फासाची गाठ मी सोडून कुणी मारत नाही, आईने शिकवलेली. माझाच हॅम्पर! तीन महिन्यांत तो माझ्या हॉलमधून कुणा कंपनीत, तिथून कुणा मॅनेजरच्या घरी, तिथून कुणाच्या तरी भाऊबीजेला, आणि फिरत फिरत वाण होऊन माझ्याकडे परत आला होता. उघडला तर सगळं सील तसंच, फक्त हँड क्रीम गायब. म्हणजे सहा वस्तूंपैकी माणसाला खरोखर हवी असलेली वस्तू एकच होती, आणि बाकीच्या पाच तिच्या वऱ्हाडाला आल्या होत्या. बॉडी बटरची तारीख संपायला चार महिने उरले होते. मी ते वापरलं, टाचांना. चांगलं होतं तसं.

इथे एक सांगते, नाहीतर पत्र वाचून चार काका लोक लगेच म्हणतील बघा या बायकांची नटायची हौस. बायकांच्या नटण्यावर बोट ठेवणं फार सोपं आहे. रात्री बारापर्यंत हजाराची माळ लावणारा माणूस वर्षभर त्याच बढाईवर जगतो आणि बहिणीने एक क्रीम घेतलं तर ती उधळी. माझ्या आईने आयुष्यभर भांडी घासून भेगाळलेल्या हातांना गोडेतेल चोळलं, तिला कुणी कधी हँड क्रीम दिलं असतं तर मला आनंदच झाला असता. माझं भांडण क्रीमशी नाही, ओट्याशी आहे. आणि हे हॅम्पर विकत घेणारे निम्म्याहून जास्त पुरुषच असतात, भाऊ, नवरे आणि एचआर, हे मी माझ्या वहीतून सांगू शकते. काय द्यायचं सुचत नाही म्हणून मोठा डबा.

त्यात आता भावी नगरसेवकांची भर. निवडणूक जवळ आली की प्रत्येक इच्छुक दिवाळीला घरोघरी उटण्याचं पाकीट वाटतो, वर त्याचा, त्याच्या साहेबांचा आणि साहेबांच्या साहेबांचा फोटो. काही जण तर आख्खं अभ्यंगस्नान किट देतात, उटणं, तेलाची चिमुकली बाटली, साबण, पणती, सगळं प्लास्टिकच्या खिडकीच्या बॉक्समध्ये. आमच्या घरी एका दिवाळीत चार पक्षांची पाच पाकिटं आली होती (एका पक्षात दोन इच्छुक). त्या उटण्यात कितीसं उटणं असतं देव जाणे, रंग आणि सेंटच जास्त. पाकीट मात्र चकचकीत, ओल्या हाताने फाटत नाही असं.

आता कायद्याची गंमत बघा. 1 जुलै 2022 पासून देशभर सिंगल यूज प्लास्टिकची जी यादी बंद झाली त्यात मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म आहे, निमंत्रण पत्रिकेवरची आहे, सिगारेटच्या पाकिटावरची आहे. प्लास्टिकच्या काडीचे इअरबड आहेत, सजावटीचं थर्माकोल आहे. पण गिफ्ट हॅम्परवरची फिल्म? तिचं नाव त्या यादीत मला कुठे दिसलं नाही. म्हणजे मी काजूकतलीचा डबा पन्नीत गुंडाळला तर गुन्हा आणि त्याच आकाराचा बॉडी बटरचा डबा गुंडाळून वर हीट गन मारली तर हौस. आपल्या राज्यात तर त्याच्याही आधी, 2018 ला, प्लास्टिकबंदी आली, तेव्हा आमच्या मार्केटमध्ये पिशव्या जप्त होत होत्या, भाजीवाल्यांची धरपकड होत होती. माझ्याकडे श्रिंक रॅपचे, म्हणजे त्याच फिल्मचे, रोल आजही असतात आणि ते कुणी बघायला आलेलं नाही. (हे लिहून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय हे मला कळतंय, म्हणून खाली नाव देत नाहीये.)

आणि ज्या कोरियन स्किनकेअरचं सध्या एवढं वेड आहे, कॉलेजच्या मुली येतात त्या थेट विचारतात आंटी के-ब्यूटी हॅम्पर आहे का, त्या दक्षिण कोरियात काय नियम आहे तो कुणी आपल्याकडे आणत नाही. तिथे वस्तूवर दोनपेक्षा जास्त वेळा पॅकिंग करायला मनाई आहे आणि गिफ्ट सेटच्या डब्यात रिकामी जागा 25 टक्क्यांच्या वर असली की दंड, 30 लाख वोनपर्यंत. त्यांच्या चुसॉक या सुगीच्या आणि नवीन वर्षाच्या सणाआधी पालिकेची माणसं दुकानांतून हिंडून गिफ्ट सेट तपासतात. डबे मापतात अक्षरशः! चीननेही सप्टेंबर 2023 पासून खाण्याच्या वस्तू आणि कॉस्मेटिक्सच्या पॅकिंगवर मर्यादा आणलीये, चारपेक्षा जास्त थर नकोत आणि वरच्या पॅकिंगचा खर्च विक्रीच्या किमतीच्या 20 टक्क्यांच्या आत. माझ्या हॅम्परचा हिशोब मी त्या नियमाने लावून बघितला. बॉक्स, ग्रास, रिबन, नेट, फिल्म, टॅग मिळून किमतीच्या एक तृतीयांशाच्या वर जात होतं. आणि रिकामी जागा तर विचारूच नका, ओट्याखालीच अर्धा डबा. मी दोन्ही देशांत आत असते.

मग तू वेगळं काय केलंस असं कुणी विचारेल. केलं ना, दोन वर्षांपूर्वी. काष्ठौषधीच्या दुकानातून गव्हला कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल, मुलतानी माती असं आणून आजीच्या पद्धतीने उटणं कुटलं, चंदन नाही घातलं कारण खरं चंदन परवडत नाही आणि आपलं चंदनाचं झाड धोक्यात आलेल्या झाडांच्या जागतिक यादीत आहे, बाजारातल्या पाकिटावर चंदन लिहिलेलं असतं ते बहुतेक वासच असतो. स्टीलच्या छोट्या डब्यांत भरलं, सोबत तिळाच्या तेलाची काचेची बाटली, आणि खणाच्या कापडात गाठोडं बांधलं. दिसायला इतकं गोड होतं म्हणून सांगू. तीस केले, विकले गेले अकरा. लोक हातात घ्यायचे, वास घ्यायचे, वा वा म्हणायचे आणि मग म्हणायचे, एवढंच? आणि खरं सांगायचं तर त्यातही माझी लबाडी होतीच, हातमागाचा खण महाग पडतो म्हणून शेवटचे दहा मी पॉलिस्टरच्या खणात बांधले.

पण त्या अकरांपैकी चार जणींनी पुढच्या वर्षी डबा परत आणून दिला, भरून दे म्हणाल्या. ते मला कधी बॉक्सवाल्या हॅम्परच्या बाबतीत झालेलं आठवत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा प्रत्येक फोटोखाली किमतीच्या बाजूला आत एकूण किती ग्रॅम किती मिली ते छापा, आणि डब्याचं वजन सुद्धा छापता आलं तर बघा. वजनकाटा मी देते हवा तर. आमच्यासारख्या घरगुती बनवणाऱ्यांना त्याचा उलट फायदाच होईल, कारण मोठा डबा करण्यात मोठ्या दुकानांशी आम्ही कधीच जिंकणार नाही.

यंदा एका ऑफिसमधून साठ नगांची चौकशी आलीये. एचआरच्या मॅडमचा मेसेज होता, बजेट अमुक, आणि शेवटी नेहमीचं, भरलेला दिसला पाहिजे. मी त्यांना काल रात्री दोन फोटो पाठवले. एक नेहमीचा, ओटा केलेला. दुसऱ्यात तेवढ्याच पैशात दुप्पट मापाचं हँड क्रीम आणि उटण्याचा स्टीलचा डबा, फक्त कापडात बांधलेला, बॉक्स नाही. खाली लिहिलं, मॅडम दुसरा छोटा दिसतो पण आत जास्त आहे.

ब्लू टिक आलीये. उत्तर अजून नाही.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
डोंबिवली पूर्व